लाखेवरचा मासा

१

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी जयेशची होडी ठाण्याच्या खाडीत मधोमध बंद पडली. समोरून बार्ज येत होता.

बार्जवाल्याने भोंगा वाजवला. होडीत जयेश आणि त्याचा धाकटा भाऊ हितेश. एक इंजिनाला शिव्या घालत होता, दुसरा वल्हं शोधत होता. शेजारच्या आनंदा कोळ्याने आपली होडी वळवून दोर टाकला म्हणून दोघं वाचले. वाचले खरे, पण कालच रंग दिलेली, पताका लावलेली होडी दुसऱ्याच्या दोराला बांधून साऱ्या कोळीवाड्यादेखत परत आली. नवरदेवाला वरातीतल्या घोड्यावरून उतरवून रिक्षात कोंबून आणावं, तसं.

मेकॅनिकने फिल्टर उघडला. आत डिझेल थोडं आणि पाणीच जास्त.

हे डिझेल आलं होतं घरामागच्या ड्रममधून. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बंदी उठली की डिझेलसाठी सगळ्यांची एकदम झुंबड उडते. म्हणून या घरात उन्हाळा संपतानाच पहिल्या फेरीसाठी एक ड्रम भरून ठेवायची रीत होती. ती जयेशच्या बापाने, धाकू तांडेलाने घालून दिलेली. ड्रमची दोन्ही बुचं आवळायची आणि प्रत्येकावर लाखेचा एक टिपका टाकायचा, अर्धा बुचावर, अर्धा पत्र्यावर. लाख ओली असतानाच तिच्यावर चांदीच्या आंगठीतला मासा दाबायचा. कोणी बूच इतकंसं फिरवलं तरी लाख तडकणार. डिझेलचोरांवर याहून स्वस्त पहारेकरी नाही. धाकू तांडेल जाऊन बरीच वर्षं झाली, रीत राहिली.

त्या सकाळी ड्रम उघडण्याआधी जयेशने दोन्ही टिपके निरखून पाहिले होते. हितेशनेही. दोन्ही शाबूत.

म्हणजे ज्याने कोणी पाणी घातलं, त्याने जुनी लाख काढली, पाणी ओतलं, नवी लाख टाकली आणि तिच्यावर पुन्हा मासा उठवला. आणि तसला मासा उठवणारी आंगठी साऱ्या ठाण्यात एकच होती.

जयेशच्या बायकोच्या, शेवंतीच्या बोटात.

२

"वर्षाले, ये गो बाय," फोनवर जयेशची आई ठमाबाई म्हणाली. "घर फुटतंय माजं."

वर्षाली म्हणजे ठमाबाईची थोरली लेक. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवायची. हरवलेलं शोधून काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. एका हळदीत हरवलेली चेन तिने मटणाच्या टोपातून काढून दिली होती, आणि ती तिथे कोणी टाकली हेही न विचारता सांगितलं होतं. तेव्हापासून नात्यात काही बिनसलं की आधी वर्षालीला फोन.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणून ती बसने निघाली. शीळफाट्याला बस जी अडकली ती अडकलीच. खिडकीत बसून वर्षालीने विचार केला. तो विचार तिने कोणाला सांगितला नसता, देवालासुद्धा नाही.

शेवंतीच असू दे.

ती आंगठी आपली, असं वर्षाली लहानपणापासून धरून चालली होती. चुलीवर पळीत लाख वितळवायची ती. पळी धरून बापाच्या मागे मागे परसात जायची ती. "हात हलवू नको, पोरी," एवढंच बाप म्हणायचा, आणि तिचा हात कधी हलला नाही. बापामागे आंगठी आईकडे आली. आणि या उन्हाळ्यात, डोळ्यांनी दिसेना झालं म्हणून, आईने ती काढून सुनेच्या बोटात घातली. लेकीला साधा फोनही केला नाही.

तेव्हापासून ती आंगठी माशाच्या काट्यासारखी वर्षालीच्या घशात रुतली होती. भाताचा मुटका गिळूनही न जाणारी.

आणि शेवंतीचं एकेक काय सांगावं. तिचं कालवण फुटत नाही. तिची भाकरी फुगते. तिच्या डोक्यावर अजून काळेभोर केस. भाऊबीजेला वर्षाली माहेरी गेली की आई सारखी, शेवंतीला ठाव, शेवंतीला विचार. जिच्या हातात चूक म्हणून सापडत नाही अशा बाईला माणसाने किती वर्षं सहन करावं?

बस हलली. वर्षालीने पदराने घाम पुसला. आज चूक सापडणार होती.

३

"आयलीस गो बाय," म्हणून ठमाबाईने तिचा हात धरला. पाणी प्यायच्या आत जयेशने एक बाटली तिच्यापुढे ठेवली. सरबताची जुनी काचेची बाटली. ड्रमच्या तळातून पंपाने पहिल्यांदा जे निघालं, ते त्याने जपून ठेवलं होतं.

"बघ ताई. डोळ्यांनी बघ."

वर्षालीने बाटली उजेडाला धरली. वर डिझेल. खाली पाणी. आणि दोघांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय. बाटली हलवली की ती साय तुटून लोंबायची.

"ही मधली घाण कसली रे?"

"पाणी घातलं की घाण येणारच. तू लाख बघ." त्याने तिला परसात नेलं. खाडीच्या बाजूच्या भिंतीशी ड्रम उभा होता. मोठं बूच उघडलेलं, त्यात हातपंप खोचलेला. पण छोट्या बुचावरचा टिपका अजून तसाच होता. वर्षालीने नखाने चाचपला. मासा, त्याचे खवले, शेपूट. कुठे चीर नाही, कुठे जुन्या लाखेवर नवी लाख नाही.

"तिला होडी विकायची आहे," जयेश म्हणाला. "वर्षभर तेच चाललंय. विका होडी, टेम्पो घ्या, खाडीत आता काय उरलंय. मी ऐकलं नाही. मग हे."

"तिला विचारलंस?"

"काय विचारायचं? आंगठी तिच्या बोटात. संध्याकाळी तिच्या भावाला बोलावलंय कल्याणहून. बॅग भरायला सांगितली. परत कधी आणायची ते नंतर बघू."

ते 'नंतर बघू' वर्षालीच्या चांगलं ओळखीचं होतं. कोळीवाड्यातल्या दोन बायका असल्याच 'नंतर बघू'वर माहेरी गेल्या होत्या, आणि अजून तिथेच होत्या.

हितेश ओट्यावर मोबाइल चाळत बसला होता. "मी काय बोलणार, ताई? होडी दादाच्या नावावर, ड्रम दादाचा, सील वहिनीचं. आपण फुकटचे खलाशी."

"ड्रमला हात लावला होतास?"

"मी? छे." उत्तर जरा लवकरच आलं. वर्षालीने ते बाजूला काढून ठेवलं, भाजीतला खडा ताटाच्या कडेला ठेवावा तसं.

हितेशची बायको दिपिका चहा घेऊन आली. लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिने आधी दाराकडे पाहिलं.

"मी कशाला कोणाचं नाव घेऊ? मोठ्या आहेत त्या. सगळा मान त्यांचाच. आम्ही कुठे हात लावतो?" मग आवाज खाली गेला. "पण पौर्णिमेच्या संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. शेवंतीवहिनी ड्रमपाशी होत्या. हातात मग होता, पाण्याचा."

वर्षालीच्या छातीत काहीतरी गोड हललं.

"नक्की पाण्याचा?"

"पाणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ताई."

४

शेवंती स्वयंपाकघरात होती. दाराशी बॅग भरून ठेवलेली आणि गॅसवर कोळंबीचं कालवण रटरटत. घालवून देणाऱ्यांसाठी रांधत होती. वर्षालीला त्याचाही राग आला. अशा वेळीसुद्धा हिचं मीठ चुकत नसणार.

"पाण्याचा मग घेऊन ड्रमपाशी काय करत होतीस?"

शेवंतीने मान वर केली. "तुम्ही पहिल्या विचारणाऱ्या, ताई."

"मग सांग."

"झाकणावर पाणी साचलेलं. ड्रमला वर कडा असते ना, ताटासारखी, त्यात. सकाळी हे येऊन बूच उघडणार, तर ते पाणी आत पडेल म्हणून मगाने काढून टाकत होते."

छान सबब, असं म्हणून वर्षालीने ती मनात मोडीत काढायला घेतली. पण सबब मोडेना. उलट बाटलीतली ती साय आडवी आली. आदल्या दिवशी घातलेल्या पाण्यावर साय कशी धरेल? पीठसुद्धा रात्रभर ठेवावं लागतं, लोणच्यावर बुरशी यायला आठवडे जातात. ते पाणी जुनं होतं. पाऊस लागला तेव्हापासून ड्रममध्ये बसून होतं. म्हणजे दिपिकाने पाहिलेल्या मगाचा आणि आतल्या पाण्याचा काही संबंध नाही.

बरं, मग आधी कधीतरी घातलं असेल हिनेच. वर्षालीने आशा सोडली नाही.

ती पुन्हा परसात गेली. या वेळी तिने लाखेकडे पाहिलं नाही, इकडेतिकडे पाहिलं. भिंतीलगत दोन लाकडी ओंडके पडले होते. बाप ड्रम यांच्यावरच ठेवायचा. आडवा. दोन्ही बुचं डाव्या-उजव्या हाताला एका रेषेत येतील असा फिरवून, खाली पाचर मारून. तो असं का करतो हे त्याने कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. ओंडक्यांमध्ये आता मांडीएवढं गवत माजलं होतं. ड्रम तिथे असता तर ते उगवलंच नसतं. सगळा पावसाळा ड्रम तिथे नव्हताच.

तिने ड्रमच्या कडेतून बोट फिरवलं. खोबणीत गंज होता, लालसर चिखल होता, आणि त्यात चिकटलेला एक राठ, भुरा केस. तिने तो चिमटीत धरून वास घेतला. केस माणसाचा नव्हता.

"आये," ओट्यावर येऊन तिने विचारलं, "पावसात मागच्या बाजूला काही ऐकलंस?"

"ऐकलं तं. ऊन परलेलं असलं आन् वरतून सर आयली, का टण् करून वाजतं मागं. पोरां बोलली मांजर असंल. मांजर कदी टण् वाजतं गो?"

स्वयंपाकघरात शेवंतीने वर्षालीसाठी डब्यात कालवण भरलं, झाकण घट्ट लावलं, आणि कडेचा ओघळ धुवायला गरम डबा नळाखाली धरला.

वर्षालीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. केंद्रात पोरींवर ती दिवसातून दहा वेळा ओरडायची. "अगं, गरम डबा नळाखाली नको धरू. गार झाला की झाकणावरचं पाणी आत ओ..."

ती थांबली. नळ चालू राहिला.

५

आता तिला सगळं कळलं होतं. आणि कळलेलं गप्प गिळून टाकणं किती सोपं आहे, तेही.

काही करायचंच नव्हतं. 'मला काही सापडलं नाही' एवढं म्हणायचं. संध्याकाळी कल्याणहून भाऊ येईल, बॅग उचलेल. आंगठी आईच्या हातात परत येईल. आई ती दिपिकाला देणार नाही, दिपिका अजून कच्ची. उरली कोण? पुढच्या उन्हाळ्यात पळी पुन्हा वर्षालीच्या हातात. खोटं एक अक्षर बोलायला लागणार नव्हतं.

ती बराच वेळ मोरीच्या उंबऱ्यावर बसली. शेवंतीने तिला काही विचारलं नाही. कालवणाचा गॅस बंद केला, ओटा पुसला, मग सासूच्या गोळ्या डबीत वेगवेगळ्या काढून ठेवल्या. सकाळच्या निराळ्या, रात्रीच्या निराळ्या. आपण नसताना आंधळ्या हाताला सापडाव्यात म्हणून.

"मेली चांगलीच आहे," वर्षाली स्वतःशी चरफडली. मग उठली आणि सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

तिने गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. धुवून वाळवलेला, वर फिरकीचं बूच, आणि भोवती उभी कडा. तो कोरडाच तव्यावर ठेवून चांगला तापवला.

"जयेश, फडकं घे आणि बूच लाव. तुझ्या ताकदीने. शेवंती, लाख."

पळीतून लाख पडली, मासा उमटला. शेवंतीचाही हात हलत नव्हता, हे वर्षालीने पाहून घेतलं आणि नाइलाजाने मान्य केलं. मग तिने तांब्यात कुंकू कालवून ते लाल पाणी डब्याच्या झाकणावर ओतलं, कडेपर्यंत, आणि डब्याच्या अंगावर साधं गार पाणी शिंपडलं.

डबा टण् करून वाजला.

"हाच," ठमाबाई म्हणाली. "हाच आवाज."

झाकणावरचं लाल पाणी हलू लागलं. बुचाच्या कडेने एक बारीक भोवरा पडला आणि पाणी हळूहळू ओसरलं.

"लाख बघ," वर्षाली जयेशला म्हणाली.

"शाबूत आहे."

"आता उघड."

जयेशने बूच फिरवलं, लाख तडकली. त्याने डबा ताटात उपडा केला. लाल पाणी भळकन पडलं.

मग वर्षालीनेच सांगायला घेतलं, पोळ्यांचं कणकेचं गणित समजवावं तसं.

"लाख चोर अडवते. पाणी नाही अडवत, ती एका कडेलाच असते. पत्र्याचा ड्रम उन्हात तापला की आतली हवा फुगते, थोडी बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. वरून सर आली, ड्रम गार झाला, की तो श्वास आत घेतो. त्या वेळी बुचावर काय असेल ते आत. ड्रम आडवा असला तर त्याच्या पाठीवर पाणी ठरतच नाही, आणि बुचं आतून डिझेलात बुडालेली असतात. म्हणून बाप आडवा ठेवायचा. उभा केला की वरची कडा म्हणजे थाळी. पावसाळाभर ऊन आणि सर, ऊन आणि सर. घोट घोट करत प्यायला तो. पाणी जड, तळाला बसलं, तिथे डिझेलच्या खाली सडलं. आणि तुझा पंप तळातूनच ओढतो. घातलं कोणीच नाही. सगळ्यांनी लाख पाहिली, ड्रम कोणी पाहिला नाही."

जयेशचा चेहरा उतरला. "मी पाहिलेला उभा. म्हटलं, उभा काय नि आडवा काय, सील आहे ना."

"आता उभा कोणी केला ते राहिलं." वर्षालीने मूठ उघडली. "कडेत कुंकवाचा चिखल आहे. आणि हा नारळाच्या शेंडीचा केस. आडव्या ड्रमच्या गोल पाठीवर नारळ ठरत नाही. कोणाला तरी त्याच्यावर नारळ ठेवायचा होता. भरलेला ड्रम उभा करायला गड्याची ताकद लागते, आणि या घरात गडी दोनच."

हितेशने मोबाइल उलटा ठेवला. "पाऊस लागायच्या आधी दादा-वहिनी कल्याणला हळदीला गेलेले, तेव्हा. पहार लावून उभा केलेला. नंतर आडवा करायचा राहून गेला. मला काय माहीत पाणी पितो ते?"

"मी सांगितलं त्यांना," दिपिका म्हणाली. ती रडत नव्हती. "लाख वहिनींची, आंगठी त्यांची, पूजा त्यांची. मी नुसती ताट धरून उभी. म्हटलं, एक नारळ तरी माझा असू दे. कोणाला न सांगता पूजा केली. मग होडी बंद पडली तेव्हा वाटलं, जळून केलेली पूजा, देवीने बघितली. तोंड उघडवेना."

"म्हणून मगाचं सांगितलंस," वर्षाली म्हणाली.

दिपिकाने मान खाली घातली. वर्षालीला तिला चार शब्द सुनवायचे होते. पण शीळफाट्याला बसमध्ये आपण जे मागत होतो, ते या पोरीच्या नारळाहून कुठे वेगळं होतं? तिने शब्द गिळले. दिपिकाने निदान काही मागितलं होतं तर नारळ ठेवायला जागा.

६

जयेश उठून दाराशी गेला आणि बॅग आत न्यायला वाकला.

"राहू दे ती," शेवंती म्हणाली.

"अगं, झालं ना आता. कळलं ना सगळं."

"तुम्हाला डब्याने सांगितल्यावर कळलं. मी इथेच होते. तीन पावलांवर. विचारलं नाहीत." तिने बोटातून आंगठी काढून सासूच्या हातात ठेवली. "मी चालले थोडे दिवस. भावाला फोन करून सांगते, येऊ नको म्हणून."

"मग कुठं जातेस, गो?" ठमाबाई घाबरली.

"माहेरी गेले तर लोक बोलतील, हाकलली. म्हणून माहेरी नाही." शेवंती वर्षालीकडे वळली. "ताई, तुमची पोळ्या लाटणारी सोडून गेली ना? नणंदेला गरज होती म्हणून गेली, असं बोलतील. चालेल तुम्हाला?"

वर्षालीला ते मुळीच चालणार नव्हतं. या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी, रोज?

"चालेल," ती म्हणाली.

ठमाबाईने चाचपडत लेकीचा हात शोधला आणि आंगठी तिच्या तळव्यावर ठेवली. ती अजून गरम होती. वर्षालीचं बोट आपोआप सरळ झालं, आत शिरायला. तिने ते मुठीत दुमडलं, मग आंगठी आईच्या कनवटीला खोचली आणि वर गाठ मारली.

"तुझ्याकडेच असू दे. तिला परत लागेल."

"जयेश," निघताना ती म्हणाली, "ड्रमातलं थोडे दिवस हलवू नको. घाण तळाला बसली की वरचं काढ, फडक्याने गाळ, तळातलं वापरू नको. नवीन भरशील तेव्हा आडवा ठेव. आणि बायकोला न्यायला येशील तेव्हा आधी विचार, मग न्यायचं बघ."

रिक्षा खोपटच्या बस स्टँडच्या दिशेने निघाली. शेवंती बाहेर बघत होती. बॅग तिच्या पायांत अडकत होती. वर्षाली हिशोब करत होती. उद्या सोमवार. दुपारी पहिल्या पोळ्या जातील, टम्म फुगलेल्या, कडा पातळ. मंगळवारी गिऱ्हाईकं विचारतील, ताई, नवीन बाई कोण हो? बुधवारी म्हणतील, डबा त्यांच्याच हातचा द्या.

"मेली," ती पुटपुटली, आणि बॅग उचलून आपल्या मांडीवर घेतली.